भटक्यांनो, मेल पाठवण्याआधी

समस्त भटके लेखक, छायाचित्रकार आणि व्लॉगर मंडळींस,



पत्रास कारण की, गेली बरीच वर्षं मी एका मराठी दैनिकाचं पर्यटनाचं पान लावते आणि माझा इनबॉक्स रोज तुमच्या मेलनी भरतो. मागणी बहुतेकांची एकच असते. आमच्या भटकंतीला, चॅनेलला, नव्या पुस्तकाला थोडी प्रसिद्धी द्या. जाहिरातीसाठी पैसे नाहीत, हेही बरेच जण मोकळेपणाने लिहितात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मराठीत हिंडून लिहिणाऱ्याच्या खिशात जाहिरातीचे पैसे कधीच नव्हते, आणि खरं सांगायचं तर आमचं पान तुमच्यासारख्यांच्या मजकुरावरच चालतं. तेव्हा फुकट मागता म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मागण्याच्या तऱ्हेबद्दल. आलेल्यांपैकी बहुतेक मेल मला वाचून बंद करावे लागतात, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायला वेळ नसतो. म्हणून हे जाहीर पत्र. काही ठिकाणी तिखट लागेल, सांभाळून घ्या.

नमुन्यादाखल एक मेल सांगते. पाठवणाऱ्याचं नाव सांगत नाही, कारण असे मेल अनेकांचे आहेत. विषयाच्या जागी ‘प्रेसनोट – अर्जंट’. ज्यांना पाठवला त्या रकान्यात महाराष्ट्रातली झाडून सारी दैनिकं, दोन वृत्तवाहिन्या आणि चुकून एक ट्रॅव्हल कंपनी. ‘आदरणीय’च्या पुढे दुसऱ्याच दैनिकातल्या संपादकांचं नाव. पहिल्या परिच्छेदात लहानपणापासूनची डोंगरदऱ्यांची ओढ. दुसऱ्यात आयटीतली भरपगारी नोकरी सोडल्याची हकिगत. तिसऱ्यात फॉलोअर्सचा आकडा. चौथ्यात ‘कोकणातल्या एका अनवट, अप्रतिम गावाची’ सफर. आणि खाली सात लिंका. मी उलट विचारलं, गाव कोणतं? उत्तर आलं, ‘मॅडम, ते व्हिडिओत शेवटी कळेल.’

आता मला सांगा, मी काय छापू?

तुमच्या हे लक्षात येत नाही की तुम्ही पाठवलेली बातमी तुमच्याबद्दल आहे, आणि माझा वाचक तुम्हाला ओळखत नाही. नोकरी सोडून भटकायला निघालात, ही तुमच्या घरातली फार मोठी घटना असेल. तुमच्या आईला त्या रात्री झोप लागली नसेल. पण माझ्या पानाला ती आता बातमी राहिलेली नाही, कारण रोज कुणी ना कुणी नोकरी सोडून भटकायला निघतं आणि मला तसं कळवतं. मला तुमच्याकडून ते गाव हवं आहे.

आमचा वाचक कोण, ते एकदा सांगून टाकते. बारामती, वाई, चिपळूण, भुसावळ अशा गावांतला निवृत्त शिक्षक, बँकेतून सुटलेल्या बाई, मुलांच्या परीक्षा संपायची वाट बघणारं जोडपं. हा माणूस पान कापून ठेवतो. कपाटात, पाटाखाली, देवघरातल्या खणात. सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी ते कात्रण हातात घेऊन तो तिथे जाऊन उभा राहतो. आणि तिथे काही चुकीचं निघालं, तर त्याचा फोन तुम्हाला येत नाही, मला येतो. एका गडावर राहायची उत्तम सोय आहे, असं एका भटक्या लेखकाने लिहिलं होतं. ‘उत्तम सोय’ म्हणजे देवळाचा ओटा, हे त्याने लिहिलं नाही. एक कुटुंब दोन गाड्या, एक आजी आणि एक तान्हं बाळ घेऊन संध्याकाळी वर पोहोचलं. दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः फोन केला. आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही गेला होतात का तिथे?’

तेव्हा विनंती अशी. आधी वाचकाला पडणारे प्रश्न डोळ्यांपुढे आणा आणि मग लिहायला बसा. शेवटची एसटी किती वाजता परत फिरते? स्टँडपासून चालायचं किती, आणि सावली आहे का? पाणी कुठे मिळतं, उन्हाळ्यात तरी मिळतं का? मोबाइलची रेंज कुठे जाते? जेवण कोण करून देतं, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं का? गुडघे दुखणाऱ्या माणसाने कुठपर्यंत यावं आणि कुठून मागे फिरावं? बाईमाणसाला आडोशाची सोय आहे का? हा शेवटचा प्रश्न पुरुष लेखक कधीच घेत नाहीत आणि बायका पहिल्यांदा तोच विचारतात. या सगळ्याची उत्तरं देणारा चारशे शब्दांचा मजकूर आला, तर लेखकाचे फॉलोअर्स किती हे मी विचारतही नाही. नावासकट छापते, खाली चॅनेलचं नाव देते, जमलं तर पुढच्या लेखासाठी फोनही करते.

स्वतःबद्दल लिहूच नका, असं मात्र मी म्हणत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या बंडात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला, आणि आजही तो हातात घेतला की खाली ठेववत नाही. त्यात गोडसे भटजी पानापानावर आहेत. त्यांची भीती आहे, भूक आहे, लुटीत गेलेले पैसे आहेत. पण त्यांच्या डोळ्यांतून आपल्याला दिसते ती झाशी. तुमच्या मजकुरात मला तुमचा चेहरा दिसतो आणि झाशी मागे धूसर असते. फोटोतही तेच.

फोटोंचं इथेच उरकते. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो पानावर चौकोनी दाण्यांसारखा फुटतो. मूळ फाइल मेलने किंवा ड्राइव्हवर पाठवा. आडवे फोटो द्या, रीलमधून कापलेली उभी चित्रं नकोत. प्रत्येक फोटोखाली ठिकाण, महिना आणि काढणाऱ्याचं नाव लिहा. मधोमध स्वतःच्या चॅनेलचा शिक्का मारलेला फोटो आम्ही छापत नाही. आणि नेटवरून उचललेला फोटो तर कृपा करून नकोच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवर पहिला हक्क सामान्यतः तो काढणाऱ्याचा असतो. मूळ छायाचित्रकाराची नोटीस येते ती दैनिकाला, आणि त्या दिवशी मला वकिलांच्या केबिनमध्ये बसावं लागतं. संरक्षित गडावर ड्रोन उडवला असेल, तर परवानगी घेतली होती का, तेही सोबत कळवा. ड्रोनचे नियम २०२१पासून स्पष्ट आहेत आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी त्याहून वेगळी लागते. ‘सगळेच उडवतात’ हे उत्तर मी संपादकांपुढे ठेवू शकत नाही.

आता वेळेबद्दल. हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमची सर्वांत जास्त मेहनत इथे वाया जाते.

शनिवारची पुरवणी शनिवारी होत नाही. ती गुरुवारी छपाईला जाते, त्यातली पानं बुधवारी लागतात, आणि विषय त्याच्याही आठवडा-दोन आठवडे आधी ठरलेला असतो. तुम्ही कासच्या पठारावर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जाता, परत येऊन चार दिवस व्हिडिओ कापता आणि महिना संपता संपता मला मेल करता. पान हाती येईपर्यंत फुलं सुकायला लागलेली असतात. वाचकाला मी काय सांगू, पुढच्या वर्षी जा? मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान समुद्रात सोडतात. त्याचा लेख मला जानेवारीच्या सुरुवातीला हवा. काजवे पहिल्या पावसाच्या आगेमागे, म्हणजे तो लेख मेच्या पहिल्या पंधरवड्यात. फोटो कुठून आणणार, असं विचाराल. मागच्या वर्षीचे द्या! ज्याच्याकडे मागच्या वर्षीचे फोटो आणि या वर्षीची माहिती आहे, तो माझ्या दृष्टीने सोन्यासारखा माणूस.

कॅलेंडर भिंतीवर लावलंत तर अजून बरं. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, २७ सप्टेंबरला पर्यटन दिन, ११ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय पर्वत दिन. या तारखांना पान भरायचंच असतं आणि आमच्याकडे नेमका चांगल्या मजकुराचा दुष्काळ असतो. तीन आठवडे आधी विचारून बघा. दिवाळी अंकांची मुदत तर त्याहून आधीची. ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला मानतात, तेव्हापासून ही परंपरा मोडलेली नाही आणि दिवाळी जवळ आल्यावर लेख पाठवणाऱ्या लेखकांची परंपराही मोडलेली नाही. जुलैत विचारा.

ठरलेल्या तारखांपेक्षा अचानक येणारी बातमी जास्त दारं उघडते. जून २०२० आठवून बघा. सगळे घरात कोंडलेले होते आणि लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असं पुढे तपासणीत निष्पन्न झालं. त्या आठवड्यात आम्ही एकच गोष्ट शोधत होतो. त्याच काठावरून, त्याच कोनातून, आधीच्या उन्हाळ्यांत काढलेले, तारीख असलेले फोटो. लोणारला जाऊन आलेले भटके शेकड्यांनी असतील. पण बहुतेकांच्या फोटोत दैत्यसूदन मंदिर आणि ते स्वतः. पाण्याकडे कॅमेरा वळवून तारीख टिपून ठेवणारा त्या दिवशी आपोआप पहिल्या पानावर गेला असता, मेल न करता.

दुसरं उदाहरण गडांचं. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं आणि पुढचे आठ दिवस माझ्याकडे ‘बारा किल्ल्यांची सफर’ नावाचे मेल येत राहिले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. यादी सगळ्यांकडे होती. अकरा किल्ल्यांवर प्रत्येकाने दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही सारख्याच. जिंजीवर मात्र ‘तमिळनाडूत आहे’ यापलीकडे कुणी जात नव्हतं. राजाराम महाराजांनी जिथून स्वराज्य चालवलं, मुघलांना जो घ्यायला १६९८ साल उजाडलं, तो तीन डोंगरांचा किल्ला. तिथे पुण्याहून कसं जायचं, उन्हात राजगिरी चढायला सकाळी किती वाजता निघायचं, जेवणाचं काय, मराठी माणसाने तिथून पुढे तंजावरला जाऊन बृहदीश्वराच्या आवारातला भोसल्यांचा मराठी शिलालेख बघावा का, हे कुणी लिहिलं असतं तर मी त्याला पूर्ण पान दिलं असतं. ज्यांच्या बातम्या येतात त्यांना नशीबवान समजू नका. बाकीचे अकरा गडांवर असताना ते बाराव्यावर गेलेले असतात, इतकंच.

इतिहास लिहिताना तर फारच सांभाळा, हात जोडते. तुमच्या लेखांवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक गडावरून शेजारच्या गडावर भुयार गेलेलं आहे, आणि प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं आहे. नाशिकची पांडवलेणी ही बौद्ध लेणी आहेत. तिथे सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे शिलालेख आहेत, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाबद्दल म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल कोरवून घेतलेला मजकूर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची आई मुलाचं कौतुक करते आहे, यापेक्षा आणखी काय हवं तुम्हाला? दंतकथा सांगा, पण गावकरी अशी गोष्ट सांगतात, असं म्हणून सांगा. जिल्ह्यांची गॅझेटिअर आता घरबसल्या वाचता येतात. गो. नी. दांडेकर आहेत, प्र. के. घाणेकर आहेत. वाचायला एक संध्याकाळ लागते. आणि ‘महाराजांनी या गडावर तोफ डागली’ यासारख्या वाक्याला आधार विचारला, तर ‘मॅडम, तुम्हाला महाराजांबद्दल आदर नाही का’ असं विचारू नका. आदर आहे म्हणूनच विचारते.

आता पैशाचा नाजूक विषय. तुमच्यापैकी काहींचे लेख वाचताना रिसॉर्टचं नाव तिसऱ्यांदा आलं की माझ्या लक्षात येतं. ‘निसर्गाच्या कुशीतलं, सर्व सोयींनी युक्त’. राहणं फुकट, जेवण फुकट, कधी वर पाकीट. याला माझी हरकत नाही, तुमचं पोट आहे. पण तो पाहुणचार लपवून मला ‘अनुभवकथन’ म्हणून पाठवलंत, तर वाचकाला फसवायच्या कामात तुम्ही मलाही ओढता. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्येच इन्फ्लुएन्सरसाठी नियम घातले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये पुन्हा बजावलं की पैसेच काय, फुकट मुक्काम, भेटवस्तू, सवलत काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही तो लागू होतो. मला इतकं सगळं नको. ‘रिसॉर्टच्या निमंत्रणावरून गेलो होतो’ हे एक वाक्य पुरे. ते असेल आणि लेख चांगला असेल तर मी छापू शकते. ते लपवलं आणि नंतर कळलं, तर पुन्हा कधीही नाही.

तुम्ही म्हणाल, तुमच्या पेपरात तरी काय धुतल्या तांदळासारखं आहे? नाही. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण २००९च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात गाजलं आणि २०१०मध्ये भारतीय प्रेस परिषदेला त्यावर अहवाल करावा लागला. आजही काही पुरवण्यांत जाहिरात आणि मजकूर यांच्यामधली रेघ इतकी बारीक असते की चष्मा लावून शोधावी लागते. तुमच्या रीलमधली माहिती आणि फोटो उचलून नाव न देता छापणारे आमच्या धंद्यात आहेत, तेही मला ठाऊक आहे. अशा वेळी गप्प बसू नका. पुराव्यासकट संपादकांना लिहा, वाचकांच्या पत्रव्यवहाराला लिहा, खुलासा मागा. आणि तुमचा लेख फुकट घेणाऱ्या प्रत्येकाला मानधनाबद्दल एकदा तरी विचारा. बातमी फुकट असते, पण हजार शब्दांचा फोटोंसकट लेख हे काम आहे. नाही म्हणाले तर ते नाही कळेल तरी. विचारलं म्हणून माझ्या नजरेतून आजवर कुणी उतरलेलं नाही.

सगळ्यांत अवघड गोष्ट आता लिहिते. प्रसिद्धी तुम्हाला फुकट मिळते, मलाही पान भरल्याचं समाधान मिळतं. किंमत मोजतं ते ठिकाण. भीमाशंकर-भंडारदऱ्याच्या बाजूला काजव्यांच्या झाडांखाली गाड्यांचे दिवे आणि मोबाइलचे टॉर्च लागतात ते आपण दोघांनी लिहिल्यावर. कासला पश्चिम घाटासोबत २०१२मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि नंतर गर्दी आवरायला वेळ, संख्या, बुकिंग, कुंपण असं सगळं करावं लागलं. जुलै २०२४मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर चित्रीकरण करताना एक तरुण इन्फ्लुएन्सर दरीत कोसळून गेली. तुमच्यासारखीच भटकी, हिंडायला आवडणारी मुलगी. त्यानंतरच्या पावसाळ्यातही माझ्याकडे ‘गर्दी नसलेले दहा गुप्त धबधबे’ आले. त्यातल्या एकाही मजकुरात उतरायची वाट कुठे निसरडी होते, पाणी अचानक वाढलं तर काय, जिल्हा प्रशासनाची बंदी आहे का, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब, हे नव्हतं. असा मजकूर मी छापणार नाही, कितीही सुंदर फोटो असोत.

आणि त्या गावाला विचारलंत का? वाडीतल्या लोकांना गाड्या हव्या आहेत का, त्या कुठे लावायच्या, प्यायचं पाणी त्यांना पुरतं का, कचरा कोण उचलतं? एका मुलीने मला घाटमाथ्यावरच्या एका झऱ्याबद्दल लेख पाठवला आणि खाली लिहिलं, ‘गावच्या बैठकीत ठरलं की झऱ्याचं नाव छापू नये, त्यामुळे लेखात दिलेलं नाही. शेजारच्या देवराईबद्दल मात्र लिहिलेलं चालेल, सरपंचांशी बोलून घ्या.’ सोबत सरपंचांचा नंबर. मी फोन केला, खात्री केली आणि लेख जसाच्या तसा लावला. व्हिडिओचा सस्पेन्स टिकवण्यासाठी गावाचं नाव लपवणारा तो मघाचा मेल आणि हा, दोन्ही एकाच महिन्यातले.

मोठ्या दैनिकांच्याच मागे का लागता, हेही मला कळत नाही. तुमच्या जिल्ह्याची आवृत्ती आहे, तालुक्याचा वार्ताहर आहे, त्याला रोज काही ना काही द्यावंच लागतं. आकाशवाणीची रत्नागिरी, सांगली, जळगावसारखी केंद्रं आहेत. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. त्यांचा श्रोता तुमचा व्हिडिओ बघणार नाही, पण तुम्ही सांगितलेली वाट शेजाऱ्याला सांगेल. गावोगावी वाचनालयं आणि व्याख्यानमाला आहेत. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून, १८७५पासून चालू आहे. लहान गावातल्या व्याख्यानमालेला वक्ता मिळत नाही म्हणून संयोजक आमच्याकडे नावं विचारतात. एक प्रोजेक्टर, चाळीस फोटो, तासभर बोलणं. दुसऱ्या दिवशी तिथल्या स्थानिक पेपरात तीन कॉलम बातमी येते आणि तीत तुमचं, चॅनेलचं, पुस्तकाचं नाव असतं.

एकाच भागात वर्षानुवर्षं हिंडत राहिलात तर आणखी एक गोष्ट होते. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरजवळ इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, पावसात चढून जावं लागत होतं. अशा पहाटे बातमीदार त्या डोंगराची वाट माहीत असलेल्या माणसाचा नंबर शोधतात. ‘नवी मुंबईहून किती वेळ लागतो, वर किती घरं होती, दुसरी वाट आहे का?’ ज्याला नीट, न वाढवता, माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ म्हणून सांगता येतं, त्याचा नंबर आम्ही जपून ठेवतो. पुढे गिर्यारोहणाची, गडांच्या डागडुजीची, बिबट्याची, वणव्याची कुठलीही बातमी असली तरी आधी त्याला फोन जातो, आणि बातमीत त्याचं नाव येतं. त्याने प्रसिद्धी मागितलेली नसते. त्या दरडीच्या रात्री मात्र काहींनी स्वतःचे इरशाळगडाचे जुने रील पुन्हा टाकले आणि मला त्यांच्या लिंका पाठवल्या. ते मेल मी अजून पुसलेले नाहीत.

तर मेल जरूर पाठवा. एकालाच पाठवा, त्याचं नाव बरोबर लिहा. मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर आमच्याकडे उघडला की भलतीच अक्षरं दिसतात. पहिल्या दोन ओळींत ठिकाण, जिल्हा आणि आत्ताच का, हे येऊ द्या. तुमचा फोन नंबर द्या आणि तो उचला. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, पण बुधवारी संध्याकाळी नको; त्या वेळी पान अर्धं लागलेलं असतं आणि मी कुणाशीच बरं बोलत नाही. छापून आल्यावर ‘माझ्या चॅनेलचं नाव मथळ्यात का नाही’ असं विचारू नका. मथळ्यात गावाचं नाव असतं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
पर्यटनाचं पान लावणारी एक उपसंपादक

ता. क. – गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत पानं जाहिरातींनी भरतात, तेव्हा कितीही चांगला लेख असला तरी जागा मिळत नाही. याउलट मार्चमध्ये परीक्षांच्या दिवसांत लोक फिरत नाहीत असं समजून कुणीच काही पाठवत नाही आणि माझी पानं ओस पडलेली असतात. जिंजीबद्दल कुणी लिहिणार असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत येऊ द्या. अजून कुणी लिहिलेलं नाही.